वाटाण्यामागे लपणारा चंद्र: लहान मुलांना सूर्य-चंद्राची ओळख कशी करून द्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तिसरीत आहे. सूर्य हा तारा, चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह, हे तिला तोंडपाठ आहे. पण चंद्र रोज वेगळा का दिसतो असं विचारलं की ती म्हणते, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ परवा सकाळी शाळेच्या रिक्षातून तिला चंद्र दिसला आणि तिनं विचारलं, ‘रात्र संपली तरी हा इथं कसा?’ त्यावर काय सांगावं ते तुम्हाला सुचलं नाही. या वयाच्या मुलांना नेमकं काय सांगायचं आणि कसं सांगायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी २४ वर्षं शाळांमधून आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेते आहे. सावलीचं ते उत्तर मी मुलांइतकंच मोठ्या माणसांकडूनही ऐकलं आहे, त्यामुळे लेकीला चुकली म्हणून रागावू नका. पाठ केलेल्या माहितीला डोळ्यांनी पाहिलेल्याचा आधार नसला की असंच होतं. मुलांना वाटतं, चंद्र हा पुस्तकातला धडा आहे आणि गच्चीवरून दिसतो तो कुणी वेगळाच आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी बघायचं, मग नाव, आणि आकडे सगळ्यांत शेवटी. त्यातही सुरुवात चंद्रापासून. त्याच्याकडे हवं तितका वेळ बघता येतं आणि तो रोज बदलतो. सूर्याकडे थेट बघायचं नसतं, त्याची ओळख सावलीतून आणि कवडशातून करून घ्यायची असते.

सकाळच्या चंद्राचं उत्तर सोपं आहे. चंद्र फक्त रात्री उगवतो असा काही नियमच नाही. रोज साधारण बारा तास तो क्षितिजाच्या वर असतो, आणि हे बारा तास महिनाभर सरकत राहतात, कारण चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्य मावळताना उगवतो. पुढे एकेक दिवस उशीर होत जातो, म्हणून मावळायलाही उशीर होतो, आणि कृष्ण पक्षातल्या तृतीया-चतुर्थीला सकाळी शाळेत जाताना तो पश्चिमेला लटकलेला दिसतो. तुमच्या मुलीनं पाहिला तो बहुधा असाच. शुक्ल पक्षात उलट, अष्टमीच्या आसपास दुपारी तीन-चारलाच तो पूर्वेच्या बाजूला चांगला वर आलेला असतो. फक्त निळ्या आकाशात फिकट दिसतो आणि आपण वर बघत नाही.

संकष्टीचा उपास करणाऱ्या प्रत्येक घराला हे ५० मिनिटांचं गणित ठाऊक असतं, फक्त ते विज्ञान आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. पौर्णिमेला चंद्रोदय संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास. त्यानंतर चौथ्या रात्री संकष्टी. रोज पाऊण-एक तासाचा उशीर धरला की चंद्रोदय नऊच्या आसपास येतो. आजी जेवणासाठी चंद्राची वाट का बघते, हे तिसरीतल्या मुलीला बेरीज करून काढता येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती तिला वाचायला लावा आणि त्या रात्री घड्याळ घेऊन गच्चीवर जा. समोर इमारती असतील तर चंद्र छापलेल्या वेळेपेक्षा उशिरा दिसेल, तेही तिला आधीच सांगा.

आता सावलीचा गैरसमज. तो शब्दांनी जात नाही, चेंडूनं जातो. साताऱ्याजवळच्या एका शाळेत मी शुक्ल अष्टमीचा दिवस मुद्दाम निवडला होता. दुपारचे साडेचार वाजलेले, सूर्य पश्चिमेकडे उतरलेला, आणि अर्धा चंद्र पूर्वेच्या बाजूला उंच. मुलांना मैदानात उन्हात उभं केलं आणि एकेकाच्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा चेंडू दिला. म्हटलं, चेंडू वर धरा, चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा, आणि आता दोन्हींकडे आळीपाळीनं बघा. थोडा वेळ सगळे गप्प. मग चौथीतली एक मुलगी ओरडली, ‘बाई, चेंडूवर पण अष्टमी झाली!’ चेंडूचा उजवा अर्धा भाग उन्हानं उजळलेला आणि डावा अंधारात, शेजारचा चंद्रही तंतोतंत तसाच. मी विचारलं, चेंडूवर पृथ्वीची सावली पडली का? पृथ्वी तर तुमच्या पायाखाली आहे, सूर्यही समोर दिसतोय, चंद्रही दिसतोय. मधे कुणी आलंय का? मुलांनी स्वतःच उत्तर दिलं: चेंडूचा जो भाग सूर्याकडे आहे तो उजळतो आणि त्यातला आपल्या बाजूचा जेवढा भाग आहे तेवढाच आपल्याला दिसतो. चंद्राच्या कलांचं याहून जास्त काहीच रहस्य नाही.

हा प्रयोग तुम्ही शुक्ल षष्ठीपासून दशमीपर्यंत कोणत्याही दुपारी करू शकता. चेंडू उन्हात असला पाहिजे, सावलीत उभं राहून तो जमत नाही.

महिनाभराच्या सगळ्या कला एकदम दाखवायच्या असतील तर रात्री खोली अंधारी करा आणि टेबलावर एकच उघडा बल्ब लावा, तो सूर्य. एक मोसंबं पेन्सिलीला टोचून मुलीच्या हातात द्या, तो चंद्र. तिचं डोकं ही पृथ्वी. मोसंबं डोक्यापेक्षा थोडं उंच धरून तिनं बल्बकडे तोंड करायचं: मोसंब्याची तिच्याकडची बाजू पूर्ण काळी, ही अमावास्या. मग जागेवरच हळूहळू डावीकडे वळायचं. आधी उजवीकडे बारीक कोर येते, पाव वळणावर उजवा अर्धा भाग उजळतो, बल्बकडे पाठ झाली की पूर्ण गोल. तसंच पुढे वळत गेलं की कृष्ण पक्ष, आणि आता उजळलेली बाजू डावी. हे तीन-चार वेळा करू द्या, घाई करू नका. माझ्या अनुभवात तिसऱ्या फेरीला मुलांच्या चेहऱ्यावर ते कळल्याचं दिसतं, पहिल्या फेरीला त्यांचं लक्ष मोसंबं पडेल का याकडेच असतं.

एकदा हे जमलं की ‘तिथी’ या शब्दाचा अर्थ सांगायला हरकत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी पूर्ण होते. ३० तिथ्या म्हणजे ३६० अंश, एक पूर्ण फेरी. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. आपले सण त्यामुळेच चंद्राच्या ठरावीक रूपावर येतात. लक्ष्मीपूजन अमावास्येच्या काळोखात आणि भाऊबीज द्वितीयेला. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात ती हीच संध्याकाळची बारीक कोर. कोजागिरीला दुधात चंद्र बघायचा तर तो मध्यरात्री डोक्याजवळ हवा, आणि तसा तो पौर्णिमेलाच येतो. वर्गातल्या मित्रमैत्रिणींच्या घरी ईदचा चांद बघतात, तीही अमावास्येनंतरची पहिली कोरच. मात्र असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. तो फरक साठत जातो म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी आपण अधिक महिना घालतो, जसा २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. हिजरी कॅलेंडरात असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो.

कोरीबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगते. परदेशी चित्रपुस्तकांत कोर उभी काढलेली असते आणि आपली मुलं तीच बघून तशीच काढतात. महाराष्ट्र विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ आहे, त्यामुळे आपल्याकडे कोर बरीच आडवी दिसते, फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी तर थेट पाण्यावरच्या होडीसारखी. मुलीनं होडी काढली आणि कुणी ‘चुकलं’ म्हणालं, तर तिच्या बाजूनं उभ्या राहा. तिनं आपल्या गावचं आकाश बरोबर काढलं आहे. आणि द्वितीया-तृतीयेला कोरीच्या कुशीत उरलेला गोलही अंधुक राखाडी दिसतो, तो तिला जरूर दाखवा. सूर्यप्रकाश पृथ्वीवर आपटून चंद्रावर जातो आणि तिथून पुन्हा आपल्याकडे येतो, तो हा उजेड.

चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते, हे तुळशीभोवती फिरून कळतं. नेहमीसारखी प्रदक्षिणा नाही, तोंड सतत तुळशीकडे ठेवून आडव्या पावलांनी फिरायचं. एक फेरी पूर्ण होईपर्यंत तिची पाठ अंगणाच्या चारही बाजूंना लागलेली असते, म्हणजे फेरीबरोबर ती स्वतःभोवतीही एकदा फिरली. चंद्र हेच करतो, दोन्ही फेऱ्यांना त्याला सारखाच वेळ लागतो: सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित जास्त. चंद्राची मागची बाजू माणसानं पहिल्यांदा पाहिली ती १९५९ मध्ये, सोव्हिएत संघाच्या लुना ३ या यानानं काढलेल्या फोटोंत. त्या बाजूला कायम अंधार असतो हा समज मात्र खोटा. तिथंही ऊन पडतं, आपल्या अमावास्येला तर त्या बाजूला भरदुपार असते.

आता आकार. चंद्र केवढा दिसतो, असं विचारलं की मुलं ताटाएवढा, पोळीएवढा म्हणून हात पसरतात. पौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र उगवला की एक कोरडा वाटाणा चिमटीत धरून हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि वाटाणा चंद्रावर आणायचा. चंद्र त्याच्यामागे लपतो! दोन-तीन तासांनी चंद्र वर आला की पुन्हा तेच करायचं. क्षितिजाजवळ भला मोठा वाटलेला चंद्र आणि वरचा ‘लहान’ चंद्र, दोन्ही त्याच वाटाण्यामागे जातात. क्षितिजाजवळचा मोठेपणा आपल्या मेंदूनं केलेला असतो, चंद्रानं नव्हे. दुसऱ्या वेळी उजेडात उभ्या राहा. काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि चंद्र वाटाण्याच्या कडेनं डोकावत राहतो, मग मुलं म्हणतात जमत नाही.

खरे आकडे सांगायला इथून पुढे हरकत नाही. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, पृथ्वीचा १२,७४२, आणि सूर्याचा जवळजवळ १३ लाख ९२ हजार. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर. पण लाख आणि कोटी हे आठ वर्षांच्या मुलीसाठी नुसते आवाज आहेत. मी त्यांना एसटीत बसवते: ताशी ६० किलोमीटरनं, न थांबता, चंद्रावर जायला नऊ महिने आणि सूर्यापर्यंत २८५ वर्षं. एवढं सांगितलं की मुलं लगेच ड्रायव्हरच्या जेवणाची चौकशी करतात, म्हणजे अंतर त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं.

मला सगळ्यांत प्रिय असलेला प्रयोग मात्र पुढचा आहे, आणि त्याला स्वयंपाकघरातल्या दोन दाण्यांखेरीज फारसं काही लागत नाही. एक मोठा काबुली चणा घ्या, सुमारे एक सेंटीमीटरचा. ही पृथ्वी. बाजरीचा एक दाणा टाचणीच्या टोकाला डिंकानं चिकटवा. तो पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास असतो, हा चंद्र. दोघांमधलं अंतर किती ठेवायचं, असं मुलांना विचारा. सगळी मुलं चण्याच्या अगदी जवळ, दोन-चार बोटांवर दाणा धरतात, कारण पुस्तकातल्या चित्रात तसंच असतं. खरं अंतर पृथ्वीच्या ३० व्यासांएवढं आहे. म्हणजे दप्तरातली ३० सेंटीमीटरची पट्टी! एका टोकाला चणा, दुसऱ्या टोकाला बाजरी. आणि सूर्य? साडेचोपन्न सेंटीमीटरच्या दोरीनं शाळेच्या भिंतीवर खडूनं वर्तुळ काढा. व्यास १०९ सेंटीमीटर, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढा. आता पट्टी घेऊन त्या भिंतीपासून ११७ मीटर लांब चालत जायचं. मोठ्या माणसाची दीडशेहून जास्त पावलं होतात, बऱ्याच शाळांचं मैदान संपतं आणि रस्त्यावर जावं लागतं. तिथं थांबून मागे वळून पाहिलं की एवढा मोठा सूर्य टिकलीसारखा दिसतो. मुलं या क्षणी बोलत नाहीत. मग मी सांगते, याच मापात सूर्याच्या पुढचा सगळ्यांत जवळचा तारा ३१ हजार किलोमीटरवर ठेवावा लागेल.

तिथंच उभं राहून ग्रहणही होतं. चणा काढून त्याच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा धरा, टाचणीनं बारीक भोक पाडलेला, आणि डोळा त्या भोकाला लावा. भोक महत्त्वाचं आहे, त्याशिवाय जवळचा दाणा धूसर दिसतो आणि मजा जाते. पट्टीच्या दुसऱ्या टोकाचा बाजरीचा दाणा हळूच त्या खडूच्या वर्तुळावर आणा. एवढासा दाणा सबंध सूर्य झाकतो. सूर्य चंद्रापेक्षा ४०० पट रुंद आहे आणि योगायोगानं जवळजवळ ४०० पटच लांब आहे, म्हणून आकाशात दोघं सारखे दिसतात. चंद्राची वाट थोडी लंबगोल आहे, तो कधी ३ लाख ६३ हजार किलोमीटरपर्यंत जवळ येतो तर कधी ४ लाख ५ हजारांपर्यंत लांब जातो. पट्टीवर दाणा दीड-दोन सेंटीमीटर पुढेमागे सरकवा. जवळ आणला की वर्तुळ पूर्ण झाकतं, हे खग्रास. लांब नेला की कडेनं कडं उरतं, हे कंकणाकृती. भिंत मात्र सूर्याच्या विरुद्ध दिशेची निवडा. मुलांची नजर चुकूनही खऱ्या सूर्याकडे जाता कामा नये.

मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? हुशार मुलगी हे विचारतेच. चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. आपल्या पट्टीवर याचा अर्थ असा की बाजरीचा दाणा सरळ रेषेच्या पावणेतीन सेंटीमीटर वर किंवा खाली असू शकतो. दाणा पावणेतीन मिलिमीटरचा आणि चूक पावणेतीन सेंटीमीटरची, मग नेम कसा लागणार? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला ज्या दोन ठिकाणी छेदते, तिथंच अमावास्या किंवा पौर्णिमा आली तर ग्रहण. त्या दोन बिंदूंनाच आपल्या पंचांगात राहू आणि केतू म्हणतात. ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ आहे हे आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. म्हणून ग्रहणात अन्न टाकून द्यायची किंवा मुलांना घरात कोंडायची काही गरज नाही. आणि लेकीचं ‘पृथ्वीची सावली’ हे उत्तर खरं ठरण्याची एकच वेळ असते, चंद्रग्रहण. त्या मोसंब्याच्या खेळात बल्बकडे पाठ असताना मोसंबं थोडं खाली आणलं की तिच्याच डोक्याची सावली त्याच्यावर पडेल. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतातून दिसलेलं खग्रास चंद्रग्रहण हेच होतं. तेव्हा चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून गेलेला लाल प्रकाश त्याच्यापर्यंत पोचतो.

चंद्रावर काय आहे, याबद्दल मुलांना चांद्रयानामुळे आता बरंच ठाऊक असतं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ मधलं विक्रम हे यान चंद्रावर उतरलं, तेव्हा आपल्या आकाशात अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र होता. उतरायची वेळ तिथल्या सकाळची निवडली होती. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा आणि रात्रही तेवढीच, आणि यानाची वीज उन्हावर चालायची. त्या दिवसभरात विक्रममधून उतरलेली प्रज्ञान ही छोटी गाडी फिरली, आणि रात्र होण्याआधी दोघं झोपले ते पुन्हा जागे झाले नाहीत. मुलांना याचं वाईट वाटतं, वाटू द्या. विक्रमवरच्या एका उपकरणानं जमिनीचं तापमान मोजलं: वर पन्नास अंशांच्या पुढे आणि फक्त आठ सेंटीमीटर खाली शून्याच्याही खाली दहा अंश. हवा नाही, त्यामुळे वारा नाही, आवाज नाही, भरदुपारीही आकाश काळं. १९६९ ते १९७२ मध्ये बारा माणसं तिथं चालली, त्यांच्या बुटांचे ठसे अजून तसेच आहेत. वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश: मुलगी इथं २४ किलोची असेल तर तिथल्या वजनकाट्यावर चार किलो भरेल. आपण ज्याला ससा म्हणतो ते डाग म्हणजे फार पूर्वी वितळलेला खडक वाहून थिजलेली मैदानं. आणि चांदणं कितीही शुभ्र वाटलं तरी चंद्राची जमीन काळपट आहे, पडलेल्या उजेडातला जेमतेम आठवा हिस्सा ती परत पाठवते, जुन्या डांबरी रस्त्यासारखी. काळ्या आकाशापुढे तीच चांदीसारखी दिसते.

आता सूर्य. इथं पहिली गोष्ट म्हणजे नियम: साध्या डोळ्यांनी, गॉगलमधून, एक्स-रेच्या फिल्ममधून, काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे बघायचं नाही. दुर्बिणीतून तर कधीच नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाहीत, त्यामुळे तो भाजतोय हे कळतही नाही.

पण सूर्याचं चित्र घरात आपोआप येतं. कौलारू घरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बारीक भोकातून जमिनीवर गोल कवडसा पडतो. भोक त्रिकोणी असो, वेडंवाकडं असो, कवडसा गोलच. कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. भोक जमिनीपासून सव्वातीन मीटर उंच असेल तर कवडसा तीन सेंटीमीटरचा. अंतराला साधारण १०८ नं भागलं की झालं. आंब्याच्या झाडाखाली दुपारी जमिनीवर दिसणारे गोल ठिपके हेही सूर्यच, पानांच्या फटींतून आलेले. ग्रहणात हे सगळे ठिपके कोरीच्या आकाराचे होतात. शहरातल्या घरात कौलं नसतात, तर छोट्या आरशावर कागद चिकटवा, कागदाला वाटाण्याएवढं भोक ठेवा आणि कवडसा खोलीतल्या दहा मीटर लांबच्या भिंतीवर पाडा. नऊ-दहा सेंटीमीटरचा सूर्य भिंतीवर येतो. थोड्या वेळात तो सरकत गेलेला दिसतो, आणि ते सरकणं म्हणजे आपली पृथ्वी फिरते आहे. मुलांना हे पाहताना मी कधी थांबवत नाही, कार्यक्रम लांबला तरी.

सूर्य कशाचा बनलाय, हे तिसरीला थोडक्यात पुरे. तो तापलेल्या वायूंचा गोळा आहे, मुख्यतः हायड्रोजनचा. तो लाकडासारखा जळत नाही. त्याच्या गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानात, हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातून उष्णता निघते. पृष्ठभागावर साधारण साडेपाच हजार अंश. वय ४६० कोटी वर्षं. त्याच्या पोटात तेरा लाख पृथ्व्या मावतील. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, चंद्राचा सव्वा सेकंद. चित्रात तो पिवळा रंगवतात, पण खरा रंग पांढरा. पिवळा-केशरी त्याला आपली हवा करते. हेलियम हा वायू पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यात सापडला, आणि त्याची सुरुवात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात आपल्याकडे गुंटूरला झालेल्या निरीक्षणांतून झाली, हे मोठ्या मुलांना सांगावं. आता आदित्य एल-१ हे आपलं यान जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. मुलांना ते सूर्याजवळ गेल्यासारखं वाटतं, पण आपल्या ११७ मीटरच्या वाटेत ते जेमतेम सव्वा मीटर पुढे उभं आहे.

उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो, हा दुसरा मोठा गैरसमज. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालतो तेव्हा. ऋतू होतात पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. ऊन कधी तिरपं पडतं, कधी सरळ डोक्यावरून, आणि सरळ पडणारं जास्त तापवतं.

हे पडताळायला आपल्याकडे वर्षातून दोन दिवस मिळतात, जे दिल्लीच्या मुलांना मिळत नाहीत: शून्य सावलीचे दिवस. महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे, नागपुरात २६ मे. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा ढग असतात, म्हणून मेचाच धरा. सुट्टी असते, पाहुणी मुलं घरात असतात. गच्चीवर पेला, बाटली, लाटणं जे मिळेल ते सरळ उभं करा आणि बारापासून बघत राहा.

पुढचं सूर्यग्रहण आपल्याकडून दिसण्यासारखं आहे ते २ ऑगस्ट २०२७ चं. इजिप्तमध्ये ते खग्रास, महाराष्ट्रातून खंडग्रास, दुपार कलल्यावर. पावसाळा आहे, पण ढगांना फट पडली तर प्रमाणित ग्रहण-चष्मा जवळ असू द्या, आणि नसेल तर पिठाची चाळण घेऊन उन्हात जा. चाळणीच्या प्रत्येक भोकाखाली जमिनीवर एकेक चावा घेतलेला सूर्य पडेल, ते शेकडो सूर्य तुमच्या मुलीला मोजू द्या.